तालूचा चाप

शके अठराशे पंधरा, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, दोन प्रहरचा समय. कल्याणास काळ्या तलावालगतच्या भाऊ दामल्यांच्या घरी दिवाळसणाची पंगत बसली होती. पाने वाढून झाली होती, उदबत्त्या दरवळत होत्या. आणि मानाच्या पाटावर बसलेला जावई गुरुदत्त ओठ घट्ट मिटून समोरच्या भाताच्या मुदीकडे पाहत होता. तो घास उचलीना, म्हणून पंगतही खोळंबली होती.

त्याच्या शेजारच्या पाटावर त्याचे वडील, ठाण्याचे त्र्यंबकपंत, स्वतःशीच वाद घालीत होते. मुलाच्या तोंडात चाप होता. दात वेडेवाकडे आले म्हणून, सून माहेरी असता, मुंबईस कोटातल्या दंतवैद्याने तालूवर बसणारी तांबूस रबराची पट्टी करून दिली होती. तिच्या पोलादी तारेच्या रेट्याने दात हळूहळू ओळीत यायचे होते. जेवताना ती काढावी, एरवी काढू नये, ही वैद्याची आज्ञा. ती तोंडात असता घास घेतल्यास अन्न भ्रष्ट होते, हा त्र्यंबकपंतांचा निर्णय. ग्रंथांत रबराचा उल्लेख नसल्यामुळे तो त्यांनी अनुमानाने सिद्ध केला होता, आणि सिद्ध केलेली गोष्ट मागे घेण्याची त्यांना सवय नव्हती.

जेवणापूर्वी विहिरीवर हातपाय धुताना चाप काढून उपरण्याच्या टोकाला बांधायचा, असे बापलेकांचे ठरले होते. पण भाऊंनी प्रेमापोटी धुण्याचे पाणी पाटापाशीच आणविले. आता उठावे, तर भरल्या पानावरून उठून यजमानाच्या अन्नाचा अवमान. चारचौघांत चाप काढावा, तर मुलाचे दात खोटे, आम्हांस फसविले, असा बोभाटा. बोलून सांगावे, तर चाप असता गुरुदत्ताचे शब्द बोबडे येत आणि त्यांबरोबर तुषारही उडत. त्यामुळे सकाळपासून तो केवळ मान हलवीत होता.

"जावईबापू रुसले वाटतं," सासूबाई गंगुबाई स्वयंपाकघराच्या दारातून हसत म्हणाल्या.

घरभर हशा पिकला. दिवाळसणास जावयाने रुसावे आणि सासऱ्याने काही देऊन त्याची समजूत काढावी, हा तर रिवाजच. भाऊंनी हौसेने चांदीची वाटी आणून पानाशेजारी ठेवली. गुरुदत्ताने मान हलविली. भाऊंनी जरीकाठी उपरणे आणले. गुरुदत्ताने अधिकच जोराने मान हलविली.

"भाऊ, जावई कोर्टाच्या गावचा आहे," पंगतीतून भाऊंचे मेहुणे हरिहरपंत म्हणाले. "पहिल्या तडजोडीला कबूल होईल तर ठाण्याचा कसला?"

पुन्हा हशा झाला. पण या खेपेस भाऊंचे हसू ओठांवरच राहिले. त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिले. बोटात त्यांच्या वडिलांची पुष्कराजाची अंगठी होती. ते ती फिरवू लागले, पेरावरून उतरेना, तेव्हा खालच्या आवाजात लेकीला म्हणाले, "नीला, जरा तूप आण गं."

त्र्यंबकपंतांनी अंगठीकडे पाहिले. असत्याने मिळविलेले धन ही चोरीच, हे त्यांनी जन्मभर हिरिरीने मांडले होते. मौन हे असत्य ठरते काय? गैरसमज दिसत असूनही जो गप्प राहतो, त्याचे मौन ठरते. पुत्राची लाज एका पारड्यात, व्याह्याची अंगठी दुसऱ्या पारड्यात. त्यांनी पाट मागे सारला.

"भाऊ, थांबा," ते म्हणाले.

तोच नीला तुपाचे भांडे घेऊन बाहेर आली. ती वडिलांकडे गेलीच नाही. नवऱ्याच्या डाव्या हाताशी तिने एक रिकामा द्रोण ठेवला, त्याच्याकडे पाठ केली, पदर ऐसपैस सावरला आणि पलीकडच्या हरिहरपंतांच्या भातावर तूप सोडू लागली. तुपाची धार काही केल्या संपेना.

"अगं पुरे," हरिहरपंत म्हणाले. "आता भातात होडी घालायची आहे का?"

ती बाजूस झाली तेव्हा द्रोण जागेवर नव्हता. गुरुदत्ताने आचमनाचे पाणी हातावर घेतले आणि सकाळपासून पहिल्यांदाच तोंड उघडून स्वच्छ, खणखणीत स्वरात म्हणाला, "अंगठी राहू द्या. मला फार भूक लागली आहे."

"तुपानं गेला हो रुसवा," गंगुबाई म्हणाल्या, आणि भाऊंनी अंगठी होती तेथेच परत दाबली.

जेवणे उरकली, बायकांची पंगत उठली. ओसरीवर विडा लावीत बसलेल्या त्र्यंबकपंतांसमोर नीला येऊन उभी राहिली. तिच्या हातात भाऊंनी जावयापुढे ठेवलेली ती चांदीची वाटी होती. वाटीत धुऊन पुसलेला चाप, त्यावर तुळशीचे पान.

"सकाळी ओवाळताना हे जरासे हसले, तेव्हा निरांजनाच्या उजेडात तार चमकली होती, मामंजी," ती म्हणाली. "आत्ता आईला आणि बाबांना सगळं सांगितलं."

माजघरातून भाऊंचा आवाज आला: "आ करा, जावईबापू. आणखी मोठा. हरिहर, अरे इकडे ये, बघ तरी. या पुढच्या दोघांना ओळीत आणायचं आहे." त्यामागून पुन्हा हसू उसळले, आणि त्यात गुरुदत्ताचे सर्वांत मोठे होते.

त्र्यंबकपंत मात्र वाटीकडे पाहत होते. "तोंडातली वस्तू," ते सावकाश म्हणाले, "देवापुढे चालणाऱ्या धातूत ठेवलीस?"

नीलेने मान खाली घातली. आवाज मात्र खाली गेला नाही. "आत्ता मी ह्यांच्याच उष्ट्या पानावर जेवले, मामंजी. त्यात पुण्य आहे, असं तुम्हीच सांगता. मला चालतं, मग वाटीला का चालू नये?"

त्र्यंबकपंतांनी पानाला चुना लावला, सुपारी ठेवली, विडा दुमडला, पुन्हा उघडला. सारे ग्रंथ त्यांच्या मनातून एकापाठोपाठ एक येऊन गेले.

"वाटी शुद्ध आहे," ते म्हणाले.