पुलावरची केबल

खड्ड्यात दोन केबली तुटून पडल्या होत्या. तुटायला हवी होती फार तर एकच.

ती गुडघ्यांवर बसली आणि हातानेच माती बाजूला केली. काळी केबल मुख्य वाटेची. तिच्यापासून वीतभर अंतरावर निळी, राखीव वाटेची. निळीने इथे असण्याचं काही कारणच नव्हतं. ती पलीकडून, नदीच्या पुलावरून गेली होती. निदान नकाशात तरी.

"मॅडम, मला एकच सांगितली होती," खोदणाऱ्या यंत्राचा चालक वरून म्हणाला. "ही दुसरी कुठून उगवली, देव जाणे."

शहरातले फोन, बँका, दवाखाने, कोणाचा संदेश कुठल्या वाटेने जाईल हे ती ठरवायची. प्रत्येक संदेशाला लेबल लागायचं, लेबल बघून यंत्रं त्याला नेमलेल्या वाटेवर ढकलायची. रुग्णवाहिकेच्या कॉलना तिने सगळ्यात वरचं लेबल दिलं होतं. वाटेची दोन्ही टोकं एकमेकांना सारखी विचारत असायची, आहेस का? आहेस का? उत्तर आलं नाही की पापणी लवायच्या आत सगळं पुलावरच्या वाटेने जायचं. आजही यंत्रणेने बिघाड तत्काळ ओळखला, दुसरी वाट धरायला गेली. ती वाटही मेलेली. तेव्हापासून शहरात रुग्णवाहिकेचा नंबर लागत नव्हता.

मोटरसायकल येऊन थांबली. दादा. तिचा सख्खा मोठा भाऊ. केबल टाकायचं कंत्राट त्याचंच. याने टाकलेली केबल उंदीरसुद्धा विचारून कुरतडतो, असं ऑफिसात म्हणत. इतरांच्या कामावर ती स्वतः जाऊन उभी राहायची. दादाच्या कामाची तपासणी घरी जेवताना व्हायची. "झालं का रे?" "झालं."

त्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि त्याला आश्चर्य वाटलं नाही. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"निळी पुलावरून नेली म्हणाला होतास."

"पुलाची परवानगी येईना. इथला चर आयताच उघडा होता."

"मग मला सांगायचं."

"तुझ्या लग्नाची धावपळ चालली होती, छोटे. म्हटलं, तुला कशाला ताप. आणि तुटते कुठे रोज?"

"तुझ्या शब्दावर मी सही केली, दादा."

"परक्याच्या शब्दावर तर नाही ना केलीस?"

तिचा फोन वाजला. साहेब. दादाने तिचं मनगट धरलं.

"निळी पुलावर वेगळी तुटली म्हण. कोण बघायला जातंय? घरातलं घरात राहू दे. आईचा तरी विचार कर."

तिने मनगट सोडवून घेतलं.

"साहेब, दुसरी वाट कधी नव्हतीच. दोन्ही एकाच चरात आहेत. भावाने सांगितलं, मी मानलं. सही माझी आहे."

मग ती केबल जोडायला आलेल्या माणसांकडे वळली. "आधी रुग्णवाहिकेच्या तारा घ्या. बाकीचं शहर थांबेल."

दादा मातीच्या ढिगावर बसला होता, हेल्मेट हातात धरून.

"विकलंस मला," तो म्हणाला. "सख्ख्या भावाला."

त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. तिला त्याचा राग यायला हवा होता. आलं ते रडूच. तिने ते गिळलं, त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि नकाशा त्याच्यासमोर धरला.

"आणखी कुठे?"

"काय आणखी कुठे?"

"दोन्ही केबली एकाच चरात. आणखी कुठे कुठे आहेत?"

घरी मीठ मागावं तशा आवाजात तिने विचारलं होतं. त्याने नकाशाकडे पाहिलंच नाही. खाली मान घालून तो अंगठ्याने बोटं मोजू लागला.

"स्टेशनचा चौक. मोठ्या दवाखान्याची गल्ली. पाण्याची टाकी. अग्निशमनच्या मागचा रस्ता..."

एक हात संपला. त्याने हेल्मेट खाली ठेवलं आणि दुसरा हात उघडला.