शिवणीवरून

न खपलेले कोट गोदामात परत यायचे. कोरे करकरीत, कुणाच्या अंगालाही न लागलेले. एकही कोट धड बाहेर जाता कामा नये, असा मालकाचा हुकूम होता. लोकांना फुकट मिळायला लागले तर दुकानात काळं कुत्रंही फिरकणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून ते कापून टाकायचं काम तिच्याकडे होतं.

ती इमानदारीत कापायची, पण शिवणीवरून. कापडाला ब्लेड लागू द्यायची नाही. कचऱ्याची गाडी तो ढीग गावाबाहेर ओतायची आणि तिथेच राहणारी तिची जाऊ चार बायकांना घेऊन बाह्या पुन्हा जोडत बसायची.

आज मुकादम तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने ढिगातली एक बाही उचलली आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कापडाचा एक धागासुद्धा तुटला नव्हता. नोकरी गेली, हे तिने मनाशी धरूनच टाकलं.

"कधीपासून चाललंय हे?"

त्याच्या डोळ्यांत बघायची तिची हिंमत नव्हती, म्हणून ती खांद्याकडे बघत राहिली. त्याच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर निळ्या दोऱ्याचे टाके होते, थोडे तिरपे. जावेचा हात तिला कुठेही ओळखू आला असता.

मुकादमाने बाही पुन्हा ढिगावर ठेवली.

"लहान मापाचे आधी घे," तो हळूच म्हणाला. "पोरांना थंडी सोसत नाही."