सरावाच्या काकू

“आमचे हे पंख्याला तेल घालतील तर शपथ,” नाना फोनवर कुरकुरले. “ऐकतेस ना, कशी करकर चाललीय? सांगून सांगून तोंड दुखलं माझं.”

“काकू, ते घरीच असतात का दिवसभर?” पलीकडच्या मुलीनं विचारलं.

“असतात की. असून नसल्यासारखे.”

मुलगी काहीच बोलली नाही, नुसती थांबून राहिली. नाना मनातून खूश झाले. बाकीची शिकाऊ मंडळी अशा वेळी घाईघाईनं धीर द्यायला धावायची. ही थांबायची, म्हणून नानांनी तिचं नाव ठेवलं होतं हळूबाई.

एकट्या पडलेल्या माणसांनी फोन करून मन मोकळं करावं, अशी ती संस्था होती. फोन घेणाऱ्यांना खऱ्या माणसांच्या तोंडी देण्याआधी तयार करावं लागे. त्यासाठी दुःखी बाईचं सोंग घ्यायचं, हे नानांचं काम. आवाज काही बदलावा लागत नव्हता. तो मुळातच बारीक. सगळी नोकरी त्यांनी मालवाहतुकीच्या कंपनीत चौकशीच्या फोनवर काढली आणि झाडून सगळ्या गिऱ्हाइकांनी त्यांना ‘मॅडम’ म्हटलं. आधी ते चिडायचे, मग त्यांनी नाद सोडला. बायको मात्र हसून लोटपोट व्हायची. संध्याकाळी दार उघडून “या मॅडम, दमलात का?” असं विचारायची.

ती जाऊन वर्ष उलटलं होतं. सोंगातल्या बाईचं बोलणं सगळं तिचंच होतं. पंख्याची कटकटही तिचीच, म्हणून तर नानांनी पंख्याला अजून तेल घातलं नव्हतं. फोन चालू असेपर्यंत ती घरात असल्यासारखी वाटे. फोन ठेवला की घर खायला उठे.

काकू म्हणजे एक पुरुष आहे, हे संस्थेच्या संचालिकाबाईंखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बाईमाणसापुढे मुलं सैल होतात, कशाला सांगायचं, असं त्यांचं मत. एकदा मुलांनी वर्गणी काढून काकूंना भेट पाठवली, फुलाफुलांची छत्री. नाना ती घेऊन दूध आणायला जात आणि लोक हसले तर खुशाल हसू देत.

सराव संपला की काकू दोन गोष्टी शिकवत. त्या दिवशी हळूबाईला त्यांनी नेहमीचंच सांगितलं. पहिले काही आठवडे खऱ्या फोनांमध्ये मधूनच एखादा सरावाचा फोन येईल, न सांगता येईल, तेव्हा जागी राहा. आणि तो ओळखायचा कसा? सोंग घेतलेला माणूस पाठ केल्यासारखं सरळ बोलतो. खरा आधी इकडचं तिकडचं बोलतो, मुद्द्याशी येतो आणि पळ काढतो.

“तू पास झालीस गं,” काकू म्हणाल्या. “आता माझी गरज नाही तुला.”

पुढच्या आठवड्यात नाना दुकानात साबण आणायला गेले. दुकानदारानं कुठला देऊ म्हणून विचारलं, आणि नानांच्या तोंडून जे आलं ते बायकोच्या सुरात, तिच्याच ठसक्यात आलं. दुकानदार बघतच राहिला. नाना साबण न घेताच बाहेर पडले. घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि स्वतःच्या शब्दांत आपण शेवटचं कुणाशी बोललो ते आठवू लागले. आठवेना. त्यांना भीती वाटली, अगदी साधी, लहान मुलाला अंधारात वाटते तशी.

आपणही फोन करावा, असं त्यांनी ठरवलं. ज्या संस्थेसाठी इतकं बोललो, तिच्याशी एकदा स्वतःबद्दल बोलू. पण जीभ वळेल याची खात्री नव्हती. म्हणून दोन दिवस चालता चालता त्यांनी काय सांगायचं त्याची उजळणी केली, मधे तिचा सूर शिरला की पुन्हा पहिल्यापासून. दुपारची पाळी हळूबाईची असते, हे त्यांना माहीत होतं.

तिनंच फोन घेतला. आपली बायको गेली, घरात कुणी नाही, हे नानांनी सांगितलं. दिवसभर मी तिच्यासारखा बोलतो, म्हणाले, म्हणजे घरात ती तरी असते. मीच नसतो.

ती थांबून राहिली. मग हळूच म्हणाली, “तुम्हाला काय म्हणून हाक मारू?”

“नाना.”

“बोला, नाना.”

वर्षभरात त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. नानांना हुंदका आवरेना. तोंडावर हात दाबून ते रडले, आणि ती पलीकडे होती, कुठेही गेली नाही. तिनं बायकोबद्दल विचारलं, ती कशी हसायची ते विचारलं. नानांनी ‘मॅडम’ची गोष्ट सांगितली आणि स्वतःच्याच आवाजात हसले. छातीवरचं ओझं उतरलं. आता उठावं, साबण आणावा, असं त्यांना वाटलं.

“बरं वाटलं, पोरी,” ते म्हणाले. “फार बरं वाटलं.”

“झालं ना मग, काकू?” हळूबाईचा आवाज एकदम मोकळा झाला. “पंख्याची करकर ऐकली आणि लगेच ओळखलं मी. शिवाय सगळं कसं पाठ केल्यासारखं, तुम्हीच शिकवलंय ना. पण एक सांगू, रागावणार नाही ना? तुमची बाई ऐकली की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. हा पुरुष काही खरा वाटला नाही.”

पंखा करकरत राहिला. नानांनी डोळे पुसले, घसा साफ केला.

“हुशार आहेस हो,” काकू म्हणाल्या.