तीन वाजताची तक्रार

दुपारी तीनच्या सुमाराला त्याने वॉशिंग मशीनच्या झाकणाखालची बारीक रबरी नळी उपसली, झाकणाचे स्क्रू होते तसे पिळले, हात धुतले आणि मागच्या खोलीच्या दारावर टकटक केली.

"मशीन बिघडलंय, बाई. येऊन बघता का जरा?"

त्याची बायको खिडकीशी बसली होती. सकाळपासून तिथेच होती, आणि तिथे असून नव्हती. लांब गेलेली तिची नजर हळूहळू जवळ आली.

"आले, काका," ती म्हणाली आणि उशाशी ठेवलेली अवजारांची पिशवी तिने खांद्याला लावली.

चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोने काका म्हणावं, यावर हसावं की रडावं? पहिल्या दिवशी त्याने दोन्ही करून पाहिलं, मग अंगवळणी पडलं. फक्त तिला ताई म्हणायला त्याची जीभ रेटेना, म्हणून तो बाई म्हणायचा. लोकांच्या घरची मशीनं दुरुस्त करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आता ती नवरा विसरली, लेक विसरली, तिचं नाव घेऊन हाक मारली तरी ओ देत नव्हती. पण बिघाड समोर आला की तिचे हात जागे व्हायचे आणि हातांमागोमाग तीही यायची. तासभर बोलायची. त्या तासासाठी, जन्मात कधी पुस्तकाचं पान न दुमडलेला हा निवृत्त ग्रंथपाल रोज दुपारी स्वतःचं मशीन मोडत होता.

मोडायचं तेही बेताने. फार सोपं केलं तर ती पाच मिनिटांत उठून खिडकीकडे परतायची. फार अवघड झालं तर काय होतं, ते त्याने एकदाच पाहिलं होतं. त्या दिवशी ती हुंदके देऊन रडली होती आणि पुढचे तीन दिवस कितीही टकटक केली तरी उठली नव्हती. पाण्याचा नळ बंद करून झाला होता, फिल्टरमध्ये बटण घालून झालं होतं, मशीनचा एक पाय आखूड करून झाला होता. सोपे बिघाड संपत आले होते. आजची नळी नवी होती आणि तो मनातून धास्तावला होता.

ती मशीनसमोर स्टुलावर बसली. तळहात मशीनच्या कुशीला टेकवून म्हणाली, "करा चालू."

पाणी आत येऊ लागलं. गॅलरीतलं ऊन दाराच्या गोल काचेवर पडलं होतं. आत चादर फुगली, त्याच्या सदऱ्याची बाही वर आली, तिचा निळा गाऊन अलगद पसरला. दोघं बघत बसली. तिने विचारलं, किती दिवस झाले, आवाज येतो का, वास येतो का. त्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लांबवलं. मग तिने एका घरच्या मशीनची गोष्ट सांगितली. ते धुता धुता चालत थेट उंबऱ्यापर्यंत गेलं होतं म्हणे, त्यालाही त्या घराचा कंटाळा आला असणार. ती हसली, आणि त्याला वाटलं, ही दुपार अशीच उन्हात तरंगत राहावी.

मग ती काचेकडे वाकली. पाणी काचेच्या अर्ध्यावर आलं, त्याच्याही वर गेलं. तिचा हात कुशीवरून खाली सरकला. तिने पाईप चाचपला, सोडून दिला, पुन्हा तोच चाचपला. ओठांचा कोपरा थरथरला. तो कोपरा त्याच्या ओळखीचा होता. आपण आज अति केलं, आता ही परत जाणार, असं त्याच्या मनात आलं. सांगूनच टाकावं म्हणून त्याने झाकणाकडे हात नेला.

"काका, मध्ये मध्ये करू नका."

तिने डोळे मिटले.

"पाणी थांबतच नाहीये," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे याला कळत नाहीये, आपण किती भरलोय ते. वायर काढा आधी. नळ बंद करा."

तिने स्क्रू सोडवले, झाकण उचललं आणि न बघता आत हात घातला. बोटं नेमकी नळीवर गेली. तिने ती जागेवर दाबून बसवली, पण हात बाहेर काढला नाही.

"ही आपोआप निघत नाही. कुणीतरी काढलीये."

इतक्या महिन्यांत तो बऱ्यापैकी थापा मारायला शिकला होता. पण आज त्याने थाप मारली नाही.

"मीच काढली."

"का?"

"तुम्ही यावं म्हणून."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याने मान खाली घातली. चोरी पकडली गेली होती. खोटी तक्रार करणाऱ्याच्या घरी पुन्हा कोण येतं? तिने झाकण बसवलं, वायर लावली, नळ सोडला. मशीन चालू झालं. भरलेलं पाणी क्षणभर स्थिर राहिलं आणि कपडे हळूहळू फिरू लागले. त्याने पुढे केलेल्या टॉवेलला तिने हात पुसले, एकेक बोट नीट कोरडं केलं.

"त्या बिचाऱ्याला कशाला छळता, काका?" ती म्हणाली. "सरळ हाक मारायची ना. मी इथंच तर असते."