विचारपूस

घरातली वाटणी चोख होती: ताईच्या वाट्याला मुरुमं आणि धाकटीच्या वाट्याला नितळ गाल. मग त्वचेच्या डॉक्टरांनी ताईला गोळ्या सुरू केल्या आणि आईला बजावलं, "या गोळ्यांनी एखादीचं मन उदास होऊ शकतं. रोज विचारत जा."

तेव्हापासून आई कामावरून आली की खांद्यावरची पर्सही न काढता आधी ताईजवळ टेकायची. "मन कसं आहे गं आज? रडूबिडू येत नाही ना? झोप लागते ना?"

"मन मजेत आहे गं बाई. ओठ तेवढे फुटलेत," असं म्हणून ताई पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालायची.

धाकटी दाराला टेकून हे बघत राहायची. ताईला आयतं मिळत होतं आणि तिला त्याची कदर नव्हती, हे धाकटीला जास्तच झोंबायचं.

शेवटी एकदा तिनं म्हणून पाहिलं, "आई, झोप तर मलाही लागत नाही हल्ली. उगाचच रडू येतं."

"तुला काय झालंय रडायला? आरशात बघ जरा, चेहऱ्यावर एक डाग नाही. ताईच्या प्रत्येक गोष्टीत वाटा हवा हिला."

धाकटी आरशासमोर गेली.



परत आली तेव्हा तिच्या हनुवटीवर लाल पेनानं नीट काढलेलं एक मुरूम होतं, आणि आईजवळ टेकत ती म्हणाली, "आता मला विचार."