सरावाचा क्लायंट

नांदेडला समुपदेशनाचं एम.ए. करणारी इरा प्रॅक्टिकलच्या तयारीसाठी लातूरला घरी आली होती. सरावाला कुणी मिळेना, तेव्हा तिचे बाबाच समोरच्या खुर्चीत येऊन बसले. वसंतराव कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे.

"काहीतरी दुःख बनवून सांगा, बाबा," ती म्हणाली.

"बाबा नाही. मी क्लायंट आहे, मॅडम."

मग भिंतीकडं बघत, फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तशा सपाट आवाजात ते सांगू लागले. "भूकंपाच्या वेळी माझी बायको लेकराला घेऊन माहेरी गेली होती, किल्लारीकडं. मी इथं लातुरात होतो. सकाळी गेलो, तर घर सोडा, गल्लीच सापडंना. लेकरू नुकतंच बोलायला लागलं होतं. मला रडू आलं नाही. अजून येत नाही. पुढं दुसरं लग्न झालं, क्लास वाढत गेले. सगळं नीट चालू आहे."

बाबांना इतकी छान गोष्ट रचता येते, याचं इराला कौतुक वाटलं. स्वयंपाकघरातून आई दाराशी आली होती आणि तिथंच उभी राहिली होती.

इरानं आवाज मऊ केला आणि वर्गात शिकवलेला प्रश्न विचारला, "हे तुमच्या घरात कुणाकुणाला माहीत आहे?"

 

"सगळ्यांना माहीत आहे, मॅडम. फक्त मुलीला सांगायचं राहून गेलं."