दुसरी वेलांटी

"नाही सर, आय कान्ट लीव्ह," म्हणून प्रेमाने फोन ठेवला आणि वळली, तर दारात सासू उभी. गिरजाबाईंचे दोन्ही हात मातीने भरलेले. त्यांनी कुडाच्या भिंती लिंपायला काढल्या होत्या.

"लीव्ह म्हंजे काय गो?"

प्रेमा गडबडली. फोन साईनाथ सरांचा होता. पूर्वी तिच्याच शाळेत होते, आता मुरबाडला. त्यांनी लग्नाचं विचारलं होतं आणि सासूला किन्हवलीत एकटी टाकून येणार नाही, असं तिने कळवलं होतं. तिचा नवरा हनुमान जाऊन तीन वर्षं झाली. त्या माउलीला आता सुनेशिवाय होतं कोण?

"लिव्ह बोलले मी," तिने थाप मारली. "पहिली वेलांटी. म्हणजे राहणं, जगणं."

"आन् दुसरी दिली तर?"

"सोडून जाणं."

"एवढ्याशा वेलांटीनं?" प्रेमानेच त्यांना अक्षरं शिकवली होती, पण वेलांटीशी त्यांचं उभं वैर.

प्रेमातल्या इंग्रजीच्या बाईंना राहवेना. "गंमत म्हणजे आई, दोन्हींचं मूळ एकच म्हणतात. चिकटणं. चिकटून राहिला तो जगला, आणि निघून गेला त्याचंही काहीतरी मागे चिकटून उरतंच. आपलं लिंपणंसुद्धा त्याच मुळातलं."

गिरजाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि भिंतीकडे गेल्या.

नंतर चार दिवस त्या भिंती लिंपत राहिल्या. एकदा प्रेमाचा फोन मागून घेतला आणि "मुरबाडला बहिनीशी बोलायचंय" म्हणत परसात गेल्या.

शनिवारी ती शाळेतून परतली, तर ओटीवर तिची बॅग भरून ठेवलेली. मागच्या भिंतीवर, कालच्या ओल्या मातीत, बोटाने कोरलं होतं: यू लीव्ह. दुसरी वेलांटी, जिथल्या तिथे. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच न चुकता.

प्रेमाचे डोळे भरून आले. थाप उघडी पडली होती. ज्या म्हातारीसाठी ती नाही म्हणाली, तिनेच तिला घराबाहेर काढलं होतं.

"रडतेस काय? यष्टी चुकंल." गिरजाबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. काखेत बोचकं होतं. त्यांनी दाराला कुलूप घातलं. "सरांना इचारलंय मी, नवरीला चिकटून तिची सासू आली तर चालंल का."